उशाला दिलेला हात

चि. बाबूस,


वडशाच्या एका नाटक कंपनीत भागीदारी घ्यायची आणि त्यासाठी घरची धानाची बांधी विकायची, असं तू ठरवल्याचं तुझ्या आईच्या फोनवरून कळलं. मामा तुला अडवणार नाही. मंडईच्या रात्री थंडीत कुडकुडत, पहाटेपर्यंत डोळे ताणून नाटक बघणारं पोर मामानं पाहिलं आहे. त्या पोराला झाडीपट्टीच्या नाटकांची ओढ लागणारच. पण बयाणा घेण्याआधी आपल्याच मुलखातल्या एका नाटककाराला वाचून घे.

तो म्हणजे भवभूती, आठव्या शतकातला. आपलं घराणं पद्मपूरचं, हे त्यानंच प्रस्तावनेत सांगून ठेवलं आहे. ते गाव म्हणजे आमगावजवळचं पद्मपूर, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं. आमगावचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. त्याआधी तो सगळा भाग भंडारा जिल्ह्यातच होता.

त्याच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक सावकाश वाच. वसिष्ठांचा निरोप येतो, प्रजेला सुखी ठेव. राम लगेच सांगून टाकतो की त्यासाठी जानकीलाही सोडावं लागलं तरी दुःख नाही. सीता शेजारीच बसलेली, दिवस गेलेली, आणि नवऱ्याच्या या बोलण्याचा तिला अभिमानच वाटतो. मग दोघं भिंतीवरची वनवासाची चित्रं बघतात. ती थकते आणि रामाच्या हाताची उशी करून झोपते. तेवढ्यात हेर दुर्मुख येऊन लोकापवादाची बातमी कानात सांगतो. रामाला तो हात तिच्या मानेखालून काढून घ्यावा लागतो. ती झोपेतच असते. सीतेच्या त्यागाचा निर्णय होतो तेव्हा जिचं आयुष्य त्यात पणाला लागलं आहे, तिला कुणी जागंसुद्धा करत नाही.

मामा इतकी वर्षं हे नाटक वाचतो आहे आणि दर वेळी त्या हातापाशी अडतो.

भवभूती रामाला राक्षस करत नाही, पण सोडतही नाही. बारा वर्षांनी त्याला पंचवटीत परत आणतो. सीतेनं साळईचा पाला भरवून वाढवलेलं हत्तीचं पिल्लू आता मोठं झालेलं, तिनं नाचवलेला मोर तिथंच. वनदेवता वासंती त्याला तोंडावर जाब विचारते. राम बेशुद्ध पडतो आणि अदृश्य सीतेच्या स्पर्शानं शुद्धीवर येतो. पण तिला पाहू शकत नाही. राज्य सांभाळलं, कर्तव्य केलं, आणि वाट्याला आला तो एवढा स्पर्श.

शिरवाडकरांच्या १९७० सालच्या ‘नटसम्राटा’तही तेच दिसेल. सगळं मुलांना वाटून टाकायचा निर्णय अप्पा बेलवलकरांचा. त्याचे चटके मात्र त्यांची पत्नी कावेरी हिलाही बसतात, आणि ती त्यातच जाते.

खुद्द भवभूतीनंही आपल्या निवडीची किंमत दिली. आपली अवज्ञा करणारे लोक आहेत, हे तो ‘मालतीमाधवा’त उघड लिहितो आणि पुढं कधी तरी जन्मणाऱ्या समानधर्म्यावर भिस्त ठेवतो. ती किंमत ज्याची त्यानं मोजली. कंपनी चालली नाही, नाव झालं नाही, रात्र-रात्र जागून तब्येत गेली, तर ते तुझं तू सोसशील. त्याबद्दल मामाला काही म्हणायचं नाही.

प्रश्न बांधीचा आहे. तिच्यात रोवणी तुझी आई करते. श्रावणात तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, त्यांना ती रात्री तेल लावत बसते. तुझ्या बहिणीची नर्सिंगची फी याच धानाच्या चुकाऱ्यातून जाते. फोनवर तुझी आई म्हणाली, “पोरीले अजून सांगतलं नाही.”

रविवारी बहीण घरी येणार आहे. तिच्यासमोर सातबारा ठेव. पैसे किती लागणार, सीझन बुडाला तर तिच्या फीचं काय, हे सगळं सांग आणि तिचं पूर्ण ऐकून घे. ती आणि आई मनापासून हो म्हणाल्या, तर वडशाला मामा तुझ्यासोबत येईल. तोवर बयाणा घेऊ नकोस.

तुझा,
मामा