ध्वनिमापनात हरवलेला आवाज

श्रुतलेखनाच्या तासाला शेवटच्या बाकावरील मुलाने ‘पाठ’ऐवजी ‘पाट’ लिहिले की, त्याचे लक्ष नव्हते असे आपण म्हणतो. पण पुष्कळदा दोष त्याच्या लक्षाचा नसून वर्गाच्या भिंतींचा असतो. आदिलाबाद जिल्ह्यातील तामसीसारख्या सीमेलगतच्या गावात मुलांच्या कानांवर मराठीबरोबर तेलुगूही पडते. तेथे प्रत्येक अक्षर स्वच्छ ऐकू येणे अधिकच अगत्याचे आहे.

आवाज थांबल्यावर त्याची तीव्रता एक दशलक्षांश होण्यास जो वेळ लागतो, त्यास निनादनकाल म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ मध्ये ऑर्गनची नळी, घड्याळ आणि बैठकीच्या गाद्या एवढ्या साधनांवर याचा अभ्यास आरंभिला. त्यांचे सूत्र सोपे आहे: खोलीचे घनफळ ०.१६१ ने गुणावे व एकूण शोषणाने भागावे. ९ मीटर लांब, ६ मीटर रुंद व ३.५ मीटर उंच वर्गाचे घनफळ १८९ घनमीटर होते. शोषण १५ चौरस मीटर असेल, तर निनादनकाल सुमारे २ सेकंद येतो. शिकविण्यास तो ०.६ सेकंदाच्या आसपास असणे बरे.

आज हे मापन संगणकावर होते. ‘रूम ईक्यू विझार्ड’सारखा कार्यक्रम खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत चढत जाणारा नाद ध्वनिक्षेपकातून सोडतो, मायक्रोफोनने तो परत घेतो आणि दोहोंची तुलना करतो. परंतु लिनक्स प्रणालीवर कधी कधी कळ दाबूनही काहीच ऐकू येत नाही. अशा वेळी घाबरून सारे पुन्हा बसवू नये. पाटाचे पाणी शेतात पोहोचले नाही, तर शेतकरी विहिरीपासून वाफ्यापर्यंत पाट पाहत जातो. आपणही तसेच करू.

प्रथम दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमात गाणे लावून पाहावे. तेही मुके असेल, तर दोष मापनाच्या कार्यक्रमाचा नव्हे. मग तारा पाहाव्यात व ‘अल्सामिक्सर’ उघडावा. तेथे पट्टीखाली ‘एमएम’ ही अक्षरे दिसल्यास ती वाट बंद आहे. ‘एम’ कळ दाबली की ती उघडते.

दुसरी पायरी योग्य कार्ड निवडण्याची. एकाच संगणकात दोन-तीन ध्वनिकार्डे असू शकतात. पडद्याकडे जाणारी एचडीएमआय तार निवडलेली असेल आणि पडद्याला ध्वनिक्षेपक नसेल, तर आवाज निघतो, पण कोणाच्याच कानी पडत नाही.

गाणे वाजते, पण मापनाचा नाद येत नाही, असे झाल्यास तिसऱ्या पायरीवर यावे. ‘पल्सऑडिओ’ किंवा ‘पाइपवायर’ ही सेवा अनेक कार्यक्रमांचे आवाज एकत्र करून कार्डाकडे देते. मापनाचा कार्यक्रम मात्र जावा भाषेच्या आधारे थेट कार्ड मागू शकतो. ते आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असेल, तर त्यास मिळत नाही. म्हणून गाण्याचे व न्याहाळकाचे कार्यक्रम बंद करावेत, किंवा यादीतून थेट कार्डाऐवजी ‘डिफॉल्ट’ हे साधन निवडावे. नमुनादर दोन्ही बाजूंस एकच, उदाहरणार्थ ४८,००० ठेवावा.

शेवटी मायक्रोफोन. नाद ऐकू येतो, पण आलेख सपाट राहतो, तर अल्सामिक्सरमध्ये ‘एफ४’ दाबून ग्रहणाची पट्टी तपासावी. प्रत्येक बदलापूर्वी आवाज अगदी कमी करावा. वाट अकस्मात मोकळी झाल्यास मोठा नाद कानास व ध्वनिक्षेपकास अपाय करतो.

विद्यार्थी मित्रहो, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती वहीत टिपावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर आवाज परत येईल, पण तो कशाने आला हे कळणार नाही. मापन जुळले की वर्गात पडदे, सतरंज्या लावून पुन्हा मोजावे. आकडा उतरला, म्हणजे शेवटच्या बाकापर्यंत ‘पाठ’ हा ‘पाठ’ म्हणूनच पोहोचू लागेल.