वठलेले झाड

ज्याच्या बांधावर बाभूळ नाही, असा शेतकरी देशावर क्वचितच आढळेल. बैलांना सावली, शेळ्यांना शेंगा, कुंपणाला काटे आणि माणसाला डिंक असे तिचे देणे वर्षानुवर्षे चालू असते. परंतु इतर सजीवांप्रमाणे वृक्षालाही मरण आहे. रोग, कीड, अवर्षण किंवा वीज यांपैकी एखाद्या कारणाने झाड जागच्या जागी वाळून जाते. अशा झाडास वठलेले झाड म्हणतात.

निष्पर्ण झालेले प्रत्येक झाड वठलेले असतेच असे नाही. पळस, सालई यांसारखी झाडे पाने टाकतात आणि पुढे पुन्हा पालवतात. म्हणून जाणता शेतकरी आधी डहाळीची साल नखाने खरवडून पाहतो. सालीखाली हिरवा ओलावा दिसला, तर झाडात अजून जीव आहे, हे तो ओळखतो.

वाटेवरचे वठलेले झाड उभे ठेवणे धोक्याचे असते. वळवाच्या वाऱ्यात त्याची फांदी केव्हा कोसळेल, याचा नेम नसतो. मात्र ते पाडणेही तितकेच जोखमीचे. ओले लाकूड आधी वाकते, कुरकुरते आणि मग मोडते. वाळलेले लाकूड सूचना न देता तुटते. शिवाय खोड आतून पोखरलेले असू शकते. कुऱ्हाड उलटी धरून खोडावर ठोकली असता खणखणीत आवाज आला, तर लाकूड भरीव. बद्द आवाज आला, तर पोकळ.

तोडण्यापूर्वी झाडाचा कल व वाऱ्याची दिशा पाहतात. मुले व जनावरे झाडाच्या उंचीच्या दुपटीहून अधिक दूर नेतात. स्वतः मागे सरण्याची वाट मोकळी ठेवतात आणि वरच्या बेचक्याला दोर बांधतात. मग ज्या बाजूस झाड पाडावयाचे, त्या बाजूस खोडाच्या जाडीच्या सुमारे चौथ्या हिश्श्याएवढी खाच घेतात. नंतर विरुद्ध बाजूने, खाचेच्या किंचित वर, करवत चालवतात. मध्ये लाकडाची एक पट्टी न कापता राखतात. ती दाराच्या बिजागरीसारखी झाडाला ठरल्या दिशेस वळवते. वाळलेल्या लाकडात ही पट्टी अकस्मात तुटण्याचा संभव असतो. म्हणूनच दोराचा आधार हवा. खोड पोकळ असेल, तर अनुभवी माणसावाचून त्यास हात लावू नये.

बाभळीचे लाकूड कठीण व चिवट असते. त्यापासून नांगर, कुळव, गाडीच्या चाकाचे आरे आणि कुऱ्हाडीचे दांडे करीत आले आहेत. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण त्यावरूनच सुचली असावी! उरलेल्या फांद्यांचे सरपण होते. ते फोडून, खाली हवा खेळेल असे रचून, पावसापासून जपावे लागते. ओले सरपण पेटवले, तर बरीचशी उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते आणि घर धुराने भरते.

झाड आपल्या शेतातले असले, तरी ते मनास येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्रात 1964 च्या वृक्षतोडविषयक कायद्यान्वये आंबा, साग, चिंच, फणस अशी ठरावीक झाडे तोडण्यास आधी परवानगी घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट विसरू नये. वठलेल्या खोडाच्या ढोलीत पिंगळा, पोपट, सुतारपक्षी यांची घरटी असतात. पिंगळा तर शेतातले उंदीर व किडे खाऊन शेतकऱ्याचेच काम करतो. म्हणून वाटेपासून दूर असलेले एखादे वठलेले झाड सुज्ञ शेतकरी तसेच राहू देतो. आणि जे तोडतो, त्याच्या जागी पावसाळ्यात नवे रोप लावतो. मेलेल्या झाडाचा असा उपयोग करून घेणे आणि जिवंत झाडाची जागा रिकामी न ठेवणे, हीच खरी शेतकऱ्याची रीत होय.

शब्दार्थ
अवर्षण – पाऊस न पडणे. बेचके – दोन फांद्या फुटतात ती जागा. ढोली – झाडाच्या खोडातील पोकळी. गोत – नातेवाईक, कुळ.

अभ्यास
1. झाड वठले आहे की नाही, हे कसे ओळखतात?
2. वाळलेले झाड पाडणे ओल्या झाडापेक्षा अधिक जोखमीचे का असते?
3. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" या म्हणीचा अर्थ सांगून ती कोणत्या प्रसंगी वापरतात ते लिहा.
4. सर्वच वठलेली झाडे का तोडू नयेत?