ऑइल सील : गाडीच्या तेलाची राखण

१९४१ सालीं निघालेल्या ‘विलीज एम. बी.’ या लष्करी जीपनें चारहि चाकांना इंजिनाची शक्ति देण्याची रचना जगभर परिचित केली. अशा गाडींत गिअरपेटीच्या मागें ट्रान्स्फर केस नांवाची दुसरी पेटी असते. तिच्यांतून एक दांडा पुढील आंसाकडे व दुसरा मागील आंसाकडे शक्ति नेतो. आंतील दंतचक्रांस सतत तेल लागतें, आणि फिरता दांडा तर पेटीबाहेर आलाच पाहिजे. मग तेल बाहेर कां येत नाहीं? याचें उत्तर म्हणजे ऑइल सील.

सील म्हणजे पोलादी कड्यांत बसविलेला रबराचा पातळ ओठ होय. बारीक स्प्रिंगचें वेटोळें त्यास दांड्यावर हलकेंच दाबून धरतें. ओठ व दांडा यांच्यामध्यें तेलाचा अत्यंत पातळ थर राहतो; कोरडा चालल्यास ओठ लवकरच झिजतो.

हें सील क्षुल्लक वाटतें; परंतु चाकाजवळचें सील गळल्यास तेल ब्रेकच्या अस्तरावर पसरतें आणि घाट उतरतांना ब्रेक धरीत नाहीं. असें तेलकट अस्तरहि बदलावें लागतें.

मात्र गळती हें केवळ लक्षण आहे. पेटीचें श्वासछिद्र चिखलानें बुजल्यास तापलेल्या हवेचा दाब तेलास बाहेर ढकलतो. बेअरिंग झिजल्यास दांडा डगमगतो. ओठाखालीं दांड्यावर खांच पडली असेल, किंवा तेल प्रमाणाबाहेर भरलें असेल, तर नवें सीलहि गळतें. म्हणून आधीं कारण शोधावें, मगच सील बदलावें.

ट्रान्स्फर केसचें सील बदलतांना गाडी सपाट जागीं उभी करून चाकांस अटकाव द्यावा व तेल काढून घ्यावें. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वीं जोडावर खूण करावी. जुनें सील उचकटतांना दांड्यास ओरखडा पडूं देऊं नये. नव्या सीलच्या ओठास तेल लावावें, स्प्रिंगची बाजू आंत तेलाकडे ठेवावी, आणि सर्व बाजूंनीं सारखें ठोकून तें सरळ बसवावें. नट कारखान्याच्या पुस्तकांतील मापानेंच आवळावा. शेवटीं योग्य जातीचें तेल नेमक्या पातळीपर्यंत भरावें.

गाडीखालीं पडलेला तेलाचा थेंब पुसून टाकणें सोपें आहे. तो कोठून आला व कां आला, हें शोधणें हेंच खऱ्या कारागिराचें काम होय.