मृदंगाच्या थापेखाली शब्द का दबतो?

प्रश्न : केदारेश्वराच्या मंदिरात आमच्या भजनाचं रेकॉर्डिंग एकाच रेकॉर्डरवर केलं. कॉम्प्रेसर लावला की मृदंगाच्या दर थापेला बुवांचा आवाज खाली जातो. मल्टिबँड कॉम्प्रेसर वापरू का? कसा?
– एक वाचक, धर्मापुरी (जि. बीड)

उत्तर : जरूर वापरा. साध्या कॉम्प्रेसरला बुवा, पेटी, टाळ, मृदंग वेगळे कळत नाहीत. कणीक लावलेल्या डाव्या पुडीची थाप थ्रेशोल्डच्या वर गेली की तो सगळ्यांनाच दाबतो. मल्टिबँड आधी आवाजाचे खालचा, मधला, वरचा असे पट्टे पाडतो, आणि ज्याचा जोर वाढला तेवढाच पट्टा आवरतो.

पट्टे पाडण्याची कल्पना जुनीच. १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात राहिलेल्या रे डॉल्बी यांनी नंतर लंडनला कंपनी काढली. टेपची खरखर घटवणारी त्यांची पहिली यंत्रणा आवाजाचे चार पट्टे करूनच काम करत असे.

आता तुमचं रेकॉर्डिंग. रीपर हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यात रिआएक्सकॉम्प हा मल्टिबँड कॉम्प्रेसर आहेच. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज साधारण १३९ हर्ट्झवर येतो. म्हणून पहिला क्रॉसओव्हर, म्हणजे खालच्या आणि मधल्या पट्ट्याची सीमा, १२० हर्ट्झजवळ ठेवा; मंद्रातले काही सूर सोडले तर त्याखाली मुख्यतः मृदंगच राहतो. तो पट्टा सोलो करून ऐका. रेशो ३:१, अटॅक २० ते ३० मिलिसेकंद, म्हणजे थापेचा पहिला ठोसा शाबूत राहील. रिलीज १५० मिलिसेकंदांपासून सुरू करा. लय चढल्यावर पुढच्या थापेआधी कॉम्प्रेसर मोकळा होत नसेल तर कमी करा. थ्रेशोल्ड हळूहळू उतरवा आणि जोराच्या थापेला तीन-चार डेसिबल कमी होऊ लागले की थांबा. मधल्या पट्ट्याला हात लावू नका.

टाळ कानाला टोचतात म्हणून वरचा पट्टा दाबायचा मोह होईल. तिथे फार जपून, कारण ‘स’, ‘श’, ‘च’ यांची धारही तिथेच असते. टाळ बोथट झाले की अभंगाचा शब्दही बोथट होतो, आणि भजनात शब्द गेला तर काय उरलं? एक-दोन डेसिबल पुरेत.

दगडी मंदिरातला घुमारा मात्र यातून जाणार नाही. दाबलेला आवाज मेकअप गेनने वर आणला की घुमारा उलट वाढतो. पुढच्या वेळी रेकॉर्डर बुवांच्या जवळ आणि मृदंगापासून लांब ठेवा.