उठलेल्या गावांत पाऊल टाकण्यापूर्वी

वस्ती कायमची हलल्यावर जोती, देवळाचे दगड आणि विहिरी मागे ठेवून ओस पडलेल्या गावाला ‘उठलेले गाव’ म्हटले जाते. सातारा-सांगलीच्या पश्चिम पट्ट्यातील अशा गावांपैकी कित्येक कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेली, तर झोळंबीसारखी काही गावे चांदोलीच्या जंगलासाठी हलविण्यात आली. चांदोलीला 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि 2010 मध्ये कोयना अभयारण्य व चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. या गावांची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तेथील धोका वन्य प्राण्यांपेक्षाही माणसाने खोदलेल्या आणि नंतर विस्मरणात गेलेल्या पोकळ्यांमध्ये अधिक आहे, कारण गाव उठते तेव्हा आड कुठे आहे आणि पांदण कुठून जाते हे ज्ञानही माणसांबरोबर निघून जाते.

प्रस्तुत लेखकाला याचा प्रत्यय शिवसागराच्या काठी आला. मे महिन्यात पाणी ओसरल्यावर जुन्या घरांची जोती उघडी पडतात, तशी ती पडली होती, आणि सोबतच्या वृद्ध धरणग्रस्ताने दगडांची रांग सोडू नये असे दोनदा बजावूनही लेखकाने एका चौथऱ्याकडे सरळ वाट काढली. वरचा गाळ वाळून भेगाळलेला, पायाखाली खापरीसारखा वाजणारा होता. चौथ्या पावलाला ती खापरी फुटली आणि दोन्ही पाय मांडीपर्यंत थंड चिखलात गेले. पाय उपसण्याची धडपड केली की चिखल अधिकच धरतो, म्हणून त्या वृद्धाने आडवी काठी देऊन आधी अंग मागे टाकावयास लावले व मग एकेक पाय सावकाश मोकळा करविला. ती दगडांची रांग म्हणजे जुन्या पांदणीची कड होती, हे त्याने नंतर सांगितले. तो त्या वाटेने लहानपणी गुरे नेत असे.

गाळातून निदान हाक तरी मारता येते; बंदिस्त पोकळीतील हवा तेवढीही सवड देत नाही. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीखाली पेवे खोदली जात. पेव म्हणजे तोंडाशी अरुंद व पोटाशी रुंद असे कोरडे भुयारी कोठार होय. तोंड बंद केल्यावर आतील प्राणवायू संपत जातो, त्यामुळे कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते, मात्र त्याच कारणाने तेथे माणूसही जगू शकत नाही. म्हणून जाणते हमाल पेव उघडून काही तास थांबत आणि पेटता कंदील दोरीने खाली सोडून पाहत. 2005 च्या महापुरात पाणी शिरून बहुतेक पेवे निकामी झाली, आणि वापर संपला की ही सावधगिरीही विसरली जाते. हवेत प्राणवायू साधारण 21 टक्के असतो व तो 16 टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत विझते. परंतु कुजक्या गाळातून निघणारा विषारी वायू ज्योत जळत असतानाही मारक ठरू शकतो, आणि ज्वलनशील वायू असेल तर ज्योतच घात करते. तेव्हा कंदिलाच्या भरवशावर जुन्या पेवात, आडात किंवा भुयारात कोणीही उतरू नये, आणि आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्या मागोमाग उडी घेऊ नये, कारण वाचवावयास गेलेला दुसराही त्याच हवेत कोसळतो. अग्निशमन दलालाच बोलवावे.

व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत वनविभागाची परवानगी अनिवार्य आहे. शिवसागराच्या काठच्या बामणोलीहून बोटीने वासोटा किल्ल्यास जाणाऱ्यांना सायंकाळपूर्वी परतावे लागते, मुक्काम करता येत नाही. वासोट्याच्या पायथ्याशी मेट इंदवली हे ओस गाव लागते. तेथे झुडपांत शिरू नये, रुळलेली पायवाट सोडू नये व ढासळत्या भिंतीला टेकू नये.

कोयनेचे पाणी अडले तेव्हा जाणत्या वयात असलेली माणसे आज ऐंशीच्या पुढे आहेत आणि सोलापूर, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरलेली आहेत. ज्यांच्या घरात अशी माणसे आहेत, त्यांनी त्यांना शेजारी बसवून गावाच्या विहिरी, आड आणि पांदणी कागदावर काढून घ्याव्यात.