मशिनसोबत डिजिटल सेवा देताय? दरवर्षीचा खर्च आधी मांडा

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरात शॉट ब्लास्टिंग, एसपीएम (खास कामाची मशिनं) किंवा फौंड्रीची यंत्रं बनवणाऱ्यांना गिऱ्हाईक आता हमखास विचारतं, "मशिन मोबाइलवर दिसेल का?" ऑर्डर जाऊ नये म्हणून बरेच जण 'फुकट देतो' म्हणून टाकतात. खरा धोका इथेच आहे. मशिन डिस्पॅच झालं की त्यावरचा खर्च बहुतेक आटोपतो. सिम, सर्व्हर आणि फोन उचलणारा माणूस मात्र दरवर्षी पैसे मागतो.

हिशेब करून बघा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घाला. सिम आणि सर्व्हर मिळून मशिनमागे वर्षाला 3,000 रुपये, माणसाचा पगार महिना 30,000. शंभर मशिनं असतील तर मशिनमागे 6,600 रुपये पडतात. दुसऱ्या वर्षी चाळीसच जणांनी रिन्युअल केलं, तर तेच 12,000 होतात, कारण पगार कमी होत नाही. म्हणून पहिलं वर्ष मशिनच्या किमतीत धरा आणि पुढचा दर कोटेशनमध्येच वेगळ्या ओळीत, 18 टक्के जीएसटीसह लिहा.

पैसे आगाऊ घ्या. सूक्ष्म-लघु उद्योगांचं बिल लेखी करार असला तरी 45 दिवसांत द्यावं, असं 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो. पण सात-आठ हजारांसाठी गिऱ्हाइकाशी भांडायला कोण जाणार?

थकबाकीसाठी लांबून मशिन बंद करायची सोय मात्र ठेवूच नका. इंडक्शन भट्टीत वितळलेला धातू असताना वीज तोडली तर तो आतच गोठतो, लायनिंग जातं, माणसांच्या जिवावर बेततं. सेवा फक्त बघण्यापुरती ठेवा, लांबून चालवण्याची नको. त्यामुळे कुणी पासवर्ड चोरला तरी त्याला मशिन हलवता येत नाही. सायबर हल्ला झालाच तर सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या 2022 च्या निर्देशांनुसार तो कळल्यापासून 6 तासांत कळवावा लागतो. हे काम कुणाचं, ते आत्ताच ठरवा.

करारात 'अमुक तासांत दुरुस्ती' लिहू नका. 'बिघाडाची सूचना' एवढंच लिहा. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता, तिथे इंजिनिअर पोहोचणार कसा?

माहिती कुणाची, हेही लिहून घ्या. सायकल टाइमवरून कास्टिंगवाल्याचा खरा खर्च काढता येतो आणि तो त्याच्या खरेदीदाराला कळला तर पुढच्या वेळी दर पाडून मागितला जातो. ती माहिती गिऱ्हाइकाचीच, त्याच्या लेखी परवानगीशिवाय कुणाला द्यायची नाही, असं कलम घाला.

सॉफ्टवेअर बाहेरून घेतलं असेल, तर ती कंपनी बंद पडल्यास सगळा डेटा वाचता येईल अशा फाइलमध्ये मिळेल, हे तिच्या करारात हवं. आणि सुरुवात लहान ठेवा: पहिल्या वर्षी रिन्युअल आगाऊ भरायला तयार असलेल्या पाच-दहा गिऱ्हाइकांनाच ही सेवा द्या.