कोंबडी आजारी नाही, खुडूक झाली आहे

प्रश्न : माझी गावठी कोंबडी आठवडाभर खुराड्यातून हलत नाही. अंडी बंद, जवळ गेलं की पिसं फुलवून टोचते. शेजारी म्हणतात, नाकात पीस खुपसा नाहीतर पाण्यात बुडवा. तिला काय झालं असेल?
– एक गृहिणी, चिपळूण

उत्तर : ताई, घाबरू नका. ती खुडूक झाली आहे. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढलं की कोंबडी अंडी थांबवून उबवायला बसते. पीस खुपसल्याने नाकपुडीला जखम होते, बुडवल्याने थंडी बाधते. दोन्ही टाळा.

पिल्लं हवी असतील आणि कळपात कोंबडा असेल, तर 10-12 ताजी अंडी देऊन तिला रवणावर बसवा. 21 दिवसांत पिल्लं निघतील.

नको असतील तर अंडी रोज लगेच उचला. तिला 3-4 दिवस जाळीचा तळ असलेल्या, जमिनीपासून उंच पिंजऱ्यात उजेडात ठेवा. खाली पेंढा घालू नका. पोटाला वारा लागला की खुडूकपणा ओसरतो. दाणा-पाणी मात्र समोर हवंच. पुढे काही आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येईल.

तिला उचलाल तेव्हा पिसांखाली उवा आहेत का पाहा. हगवण लागली किंवा तिने मान टाकली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.